चार पेन्सिल-सेलांचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. आज आम्ही आपल्यापुढे जो इतिहास मांडणार आहोत तो मात्र मुलांच्या हातातील एका खेळण्याचा आहे. विषय ऐकून कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल तर आमची एवढीच विनंती की, ती तासभर तशीच राहू द्यावी आणि व्याख्यान संपल्यावर तिचे काय करावयाचे ते ठरवावे.

हातात धरून अथवा दूरचित्रवाणीला जोडून ज्यावर चित्रांचे खेळ खेळतात त्या यंत्राला बाजारात ‘गेमिंग कन्सोल’ म्हणतात. आम्ही त्यास सोयीसाठी खेळयंत्र म्हणू. ही यंत्रे बनविणाऱ्या कारखानदारांत गेली कित्येक वर्षे एक शर्यत चालू आहे. चित्र अधिक रेखीव हवे, रंग अधिक हवेत, वेग अधिक हवा. या शर्यतीत जपानमधील निन्टेंडो नावाच्या कंपनीने अनेकदा उलटी वाट धरली. यंत्राला किती थोडी वीज पुरेल, हा प्रश्न तिने आरंभीच विचारला आणि त्याच्या उत्तराबरहुकूम बाकीचे यंत्र घडविले.

येथे कोणीही व्यवहारी मनुष्य शंका काढील. विजेचे बिल काही कारखानदार भरीत नाही. सेल आणावयास दुकानात धावतो तो मुलाचा बाप. मग दुसऱ्याच्या खिशातील पैसे वाचावेत म्हणून कारखानदाराने आपल्या मालाची शोभा का कमी करावी? हा परोपकार म्हणावा, की यात काही खोल हिशेब आहे? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

या हिशेबाचा उगम क्योतो शहरात सापडतो. निन्टेंडोची स्थापना १८८९ साली तेथेच झाली, आणि तिचा मूळ धंदा पत्ते बनविण्याचा होता. ‘हानाफुदा’ नावाचे, फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते ती विकीत असे. १९६५ साली या कंपनीत गुन्पेई योकोई नावाचा तरुण कामाला लागला. त्याने दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास केला होता. परंतु त्याच्या वाट्याला काम आले ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे. हाताला काम थोडे आणि डोक्यात कल्पना फार, अशी त्याची अवस्था होती. रिकाम्या वेळी त्याने कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा एक लांब होणारा हात बनविला. संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची हे तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांच्या नजरेला ते खेळणे पडले. नोकर मनुष्य कामाच्या वेळी खेळणी करतो म्हणून त्यांनी रागे भरावयास हवे होते. त्यांनी ते खेळणे बाजारात आणावयास सांगितले. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते निघाले आणि दहा लाखांहून अधिक खपले. त्यात विजेचा थेंबही लागत नव्हता. योकोईंची पहिली विद्या ही अशी बिनविजेची होती, हे आपण ध्यानात ठेवावे.

याच सुमारास जपानमध्ये एक निराळेच युद्ध पेटले होते. गणनयंत्रांचे, म्हणजे कॅल्क्युलेटरांचे, ते युद्ध होय. शार्प कंपनीने १९६४ साली काढलेले गणनयंत्र २५ किलो वजनाचे होते आणि त्याची किंमत ५ लाख ३५ हजार येन होती. नऊच वर्षांनी, १९७३ साली, त्याच कंपनीने खिशात मावणारे आणि एका पेन्सिल-सेलवर १०० तास चालणारे गणनयंत्र विक्रीस आणले. हा चमत्कार दोन गोष्टींनी घडविला. एक, अगदी थोडक्या विजेवर चालणारी नव्या जातीची चिप. आणि दुसरी, द्रवस्फटिकाचा पडदा, ज्यास आपण एल.सी.डी. म्हणतो. या पडद्याचा गुण असा की, तो स्वतः प्रकाश देत नाही. बाहेरून आलेला प्रकाश कोठे अडवावयाचा आणि कोठे परतू द्यावयाचा, एवढेच त्याचे काम. दिवा लावण्यास वीज लागते. खिडकीला पडदा सरकविण्यास कितीशी लागणार? शार्प, कॅसिओ आणि इतर कंपन्यांनी एकमेकींच्या किमती पाडपाडून ही दोन्ही साधने कवडीमोल करून टाकली. युद्ध संपत आले तेव्हा कारखाने होते, कारागीर होते, माल स्वस्त होता. नवे गिऱ्हाईक तेवढे हवे होते.

ते गिऱ्हाईक आगगाडीत मिळाले. शिनकानसेन या वेगवान गाडीने जात असता, कंटाळलेला एक प्रवासी हातातील गणनयंत्राची बटणे उगाच दाबीत वेळ घालवीत आहे, हे योकोईंनी पाहिले. प्रौढ माणसाला लोकांत न लाजता खेळता येईल असे लहानसे खेळणे करता येईल काय, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे एके दिवशी अध्यक्षांच्या मोटारीचा चालक आजारी पडला आणि गाडी चालविण्याचे काम योकोईंवर आले. इतका वेळ अध्यक्ष जवळ बसलेले. तेव्हा काहीतरी कामाचे बोलावे म्हणून त्यांनी ही कल्पना सांगितली. यामाउची ऐकून घेऊन गप्प बसले. परंतु लवकरच शार्प कंपनीचे वरिष्ठ अधिकारी निन्टेंडोच्या दारी येऊन उभे राहिले. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ या नावाची खेळण्यांची माळ सुरू झाली. नावाप्रमाणे ते खेळणेही होते आणि घड्याळही. घड्याळातील बटणासारख्या चपट्या सेलांवर ते महिनोन् महिने चाले. या माळेतील खेळण्यांचा एकूण खप ४ कोटी ३४ लाखांवर गेला.

योकोईंनी आपल्या पद्धतीला एक नाव दिले होते. त्यातील ‘कारेता गिजुत्सु’ या शब्दांचा अक्षरशः अर्थ ‘वाळून गेलेले तंत्र’ असा होतो. परंतु जपानी कारागिरांच्या बोलीत त्याचा भाव निराळा आहे. आपल्याकडे लोणचे मुरते, तसे जे तंत्र वापरून वापरून मुरले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, जे स्वस्त झाले आहे आणि दगा देत नाही, ते तंत्र. अशा मुरलेल्या तंत्राचा सरळ रेषेत विचार न करता आडवा विचार करावयाचा, म्हणजे ज्या कामासाठी ते जन्मले त्याहून भलत्याच कामाला ते लावावयाचे, हे योकोईंचे सूत्र होते. गणनयंत्राचा पडदा खेळण्याला लावणे हे त्याचे उत्तम उदाहरण.

आता आपण १९८९ सालाकडे येऊ. त्या वर्षी २१ एप्रिल रोजी निन्टेंडोने जपानमध्ये ‘गेम बॉय’ हे खेळयंत्र विक्रीस काढले. हातात मावणारे, आणि खेळाची वडी बदलून कितीही निरनिराळे खेळ खेळता येतील असे. त्याचा पडदा रंगीत नव्हता. हिरवट पार्श्वभूमीवर फिक्यापासून गडदपर्यंत चार छटा, एवढेच त्याचे वैभव. पडद्यामागे दिवा नव्हता. अंधारात काही दिसत नसे, दिव्याजवळ अथवा खिडकीशी बसावे लागे. प्रोसेसर जुन्या धाटणीचा. शिवाय पडद्यावरील एक चित्र पुरे होऊन पुढच्या चित्राची वेळ येईपर्यंत काम नसेल, तर प्रोसेसरने तेवढ्यात डुलकी घ्यावी अशी आज्ञा त्यात होती, आणि खेळ लिहिणाऱ्यांनी ती वापरावी अशी कंपनीची शिफारस होती. सेकंदाच्या साठाव्या भागातील रिकामा क्षणही वाया जाऊ द्यावयाचा नाही, इतकी ही बारीक नजर!

त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचे ‘लिंक्स’ निघाले, आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगा कंपनीचे ‘गेम गियर’. दोन्हींचे पडदे रंगीत, दोन्हींच्या पडद्यांमागे दिवा. दुकानाच्या काचेमागे तिन्ही यंत्रे शेजारी मांडली असता गेम बॉयकडे कोणी पाहूही नये, असा तो थाट होता. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र आले आहे अशी बातमी घेऊन एक सहकारी चिंतातुर चेहऱ्याने योकोईंकडे आला, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली, की त्याचा पडदा रंगीत आहे की साधा. रंगीत आहे असे कळताच ते निश्चिंत झाले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली आहे.

ते निश्चिंत का झाले, हे समजण्यास आपण साधे अंकगणित करू. चांगल्या पेन्सिल-सेलात सुमारे अडीच वॅट-तास वीज असते. म्हणजे एक वॅट खाणारे उपकरण त्यावर अडीच तास चालेल. गेम बॉयला चार सेल लागत, म्हणजे शिदोरी दहा वॅट-तासांची. यंत्राची भूक एक वॅटपेक्षाही कमी, सुमारे ०.७ वॅट. तेव्हा शिदोरी पंधरा तास पुरे. गेम गियरला सेल सहा लागत, आणि तरी ती शिदोरी तीन ते पाच तासांत संपे, कारण रंगीत पडद्यामागची इवलीशी ट्यूबलाइट ती खाऊन टाकी. आता समजा, एखादा मुलगा सुटीभर मिळून १०० तास खेळला. गेम बॉयला या हिशेबाने २७ सेल लागतील. गेम गियर सरासरी चार तास चालते असे धरल्यास त्यास १५० सेल लागतील. अमेरिकेत गेम बॉयची किंमत सुमारे ९० डॉलर, गेम गियरची १५० आणि लिंक्सची सुमारे १८० डॉलर होती. परंतु खरी किंमत दुकानात चुकती होत नसे. ती दर आठवड्याला वाण्याकडे सेल आणताना भरावी लागे.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. सेल संपले की खेळ बंद पडतो. मूल हिरमुसते, बाप करवादतो, आणि यंत्र कपाटात जाते. कपाटात गेलेल्या यंत्रासाठी नवे खेळ कोण विकत घेणार? आणि कारखानदाराचा नफा तर यंत्रापेक्षा खेळांच्या विक्रीतच अधिक असतो. म्हणजे सेल वाचविण्यात बापाचा जसा लाभ, तसाच कारखानदाराचाही. आरंभी काढलेल्या शंकेचे पहिले उत्तर हे. गेम बॉय आणि त्याचीच रंगीत सुधारलेली आवृत्ती मिळून जगात सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे खपली. गेम गियर १ कोटी ६ लाखांच्या आसपास थांबले.

आपल्यापैकी पुष्कळांनी गेम बॉय कदाचित पाहिलेही नसेल. परंतु १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडील बाजारांत आणि जत्रांत ‘ब्रिक गेम’ नावाचे स्वस्त खेळणे मिळे, ते पुष्कळांच्या आठवणीत असेल. वरून विटा पडतात, त्या फिरवून ओळीत बसवावयाच्या. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी निर्माण केलेला ‘टेट्रिस’ हा खेळ तोच, आणि अमेरिकेत गेम बॉयबरोबर हाच खेळ देत असत. आमच्या मते ही जोडी जमली ती उगाच नव्हे. त्या खेळाला रंग लागत नव्हते, वेग लागत नव्हता; चार छटांत तो पूर्ण होता. कमी विजेचे यंत्र आणि कमी साधनांत रंगणारा खेळ एकमेकांना शोभले. आपल्या जत्रेतील ते साध्या करड्या पडद्याचे खेळणेही त्याच गणनयंत्राच्या वंशातले होते, आणि म्हणूनच ते पेन्सिल-सेलांवर चाले आणि आपल्या खिशाला परवडे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की काटकसर केली म्हणजे यश ठरलेलेच. इतिहास इतका सरळ नसतो, आणि योकोईंच्याच आयुष्याने ते दाखवून दिले. १९९५ साली त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र काढले. डोळ्यांशी लावून पाहिले असता खोलीचा भास व्हावा, अशी त्याची योजना होती. येथेही त्यांनी काटकसर केली. सर्व चित्र लाल रंगातच दाखविले, कारण तांबडे दिवे स्वस्त असून त्यांस वीज कमी लागे. परंतु या वेळी जे सोडले तेच लोकांना हवे होते. अद्भुत दृश्याची जाहिरात करावयाची आणि काळ्यावर लाल रेघा दाखवावयाच्या, हे जमले नाही. डोळे दुखतात अशा तक्रारी आल्या. जेमतेम ७ लाख ७० हजार यंत्रे खपली आणि वर्षभरातच ते बंद करावे लागले. गेम बॉयमध्ये मुलाला हवा होता खेळ, आणि रंग सोडूनही खेळ शिल्लक राहिला. व्हर्च्युअल बॉयमध्ये लोकांना हवा होता देखावा, आणि रंग सोडताच देखावा उरला नाही. काटकसर आणि कंजूषपणा यांत हाच भेद आहे. काय सोडले असता मूळ वस्तू शाबूत राहील हे ज्याला कळते तो काटकसरी. जे दिसेल ते सोडतो तो कंजूष.

योकोईंनी १९९६ साली निन्टेंडो सोडली आणि ‘कोतो’ नावाची स्वतःची लहानशी कंपनी काढली. बांदाई या कंपनीसाठी एक नवे हातखेळयंत्र बनविण्यास त्यांनी हातभार लावला. ते बाजारात आलेले मात्र त्यांनी पाहिले नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे छप्पन्न. १९९९ साली ‘वंडरस्वान’ या नावाने ते यंत्र निघाले. त्याला चार सेल लागत नव्हते, दोनही नव्हते. एकच पेन्सिल-सेल, आणि त्यावर तीस तास व अधिकही खेळ! त्याबरोबर निघालेल्या एका खेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गुन्पेई’ हे नाव दिले होते. या मनुष्याचे मृत्युपत्र कोठे वाचावयाचे असेल तर ते त्या एका सेलाच्या खोबणीत वाचावे, असे आम्हांस वाटते.

आता एक रास्त प्रश्न उभा राहतो. हातात धरावयाच्या यंत्राला सेल लागतात म्हणून हे सर्व ठीक. पण जे यंत्र घरात भिंतीच्या प्लगला जोडलेले असते त्यास काटकसरीचे काय प्रयोजन? भिंतीतील वीज तर संपत नाही. या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी थोडे शास्त्र पाहावे लागेल.

चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म कळा असतात. प्रत्येक कळ बंद-चालू होताना विजेचा एक इवलासा थेंब खर्ची पडतो. सेकंदाला किती थेंब पडणार हे वेगावर अवलंबून असते. आणि प्रत्येक थेंब केवढा हे विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गावर ठरते. वेग निम्मा केला तर खर्च निम्मा होतो. आणि वेग कमी असल्याने दाबही निम्म्यावर आणता आला तर खर्च एक-अष्टमांश होतो. उलट बाजूने पाहिले तर वेगाच्या शेवटच्या चार पायऱ्या चढण्यास जी वीज लागते तीत आधीच्या कित्येक पायऱ्या चढून झाल्या असत्या. आणि खर्च झालेल्या विजेचे पुढे होते काय? तिची सारी उष्णता होते. १५० वॅटचे यंत्र म्हणजे दिवाणखान्यात ठेवलेली १५० वॅटची शेगडीच. ती उष्णता बाहेर काढण्यास धातूचे पाते हवे, पंखा हवा, पंख्याला जागा हवी, मोठी पेटी हवी. पंखा आवाज करतो, धूळ ओढतो. एका वॅटच्या पाठीमागे अशी सगळी वरात येते.

हे सर्व ध्यानात घेऊन निन्टेंडोने २००६ साली ‘वी’ हे यंत्र काढले. यामाउचींनंतर २००२ साली सातोरू इवाता हे कंपनीचे अध्यक्ष झाले होते, आणि यंत्राच्या बांधणीची धुरा गेन्यो ताकेदा यांच्याकडे होती. चिप बनविण्याची कारागिरी दर काही वर्षांनी अधिक बारीक होत जाते. त्या बारकाईचा लाभ दोन प्रकारे घेता येतो. तेवढ्याच विजेत वेग कितीतरी वाढवावा, अथवा वेग बेताने वाढवून वीज कमी करावी. सर्वांनी पहिला मार्ग धरला असता ताकेदांनी दुसरा धरला. मागील यंत्राच्या चिपच्याच घराण्यातील चिप घेऊन तिचा वेग त्यांनी फक्त दीडपट केला. इवातांनी अट घातली होती की, यंत्राची जाडी डी.व्ही.डी.च्या दोन-तीन डब्यांएवढीच असावी. दुसरी अट याहून मजेची होती. रात्री सर्व निजले असता यंत्राने जागे राहून निरोप आणि नवी सामग्री घ्यावी, अशी योजना होती. परंतु त्या वेळी पंखा फिरता कामा नये. कारण रात्री घरघर ऐकू आली की घरातील आई उठून प्लग काढून टाकील, हे इवाता जाणून होते. कारखान्यातील इंजिनिअरांना जाब विचारणारा खरा अधिकारी कोण, हे ज्याने ओळखले त्याच्या व्यवहारज्ञानाचे आम्हांस कौतुक वाटते.

प्रतिस्पर्ध्यांचे काय झाले तेही पाहू. मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ २००५ साली निघाले. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांना वीज पुरविणारी, विटेएवढी वेगळी पेटी २०३ वॅट क्षमतेची होती. यंत्रे तापली, आतील जोड निकामी होऊ लागले, आणि समोर तांबडे दिवे लागून ती बंद पडू लागली. २००७ साली कंपनीने हमीची मुदत तीन वर्षांची केली आणि त्यापोटी १०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली. ‘वीज गिऱ्हाइकाची, आम्हांस काय त्याचे’ असे म्हणणाऱ्या कारखानदाराकडे बिल कोणत्या वाटेने येते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही. सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरांना निघाले, आणि तरीही प्रत्येक यंत्रामागे कंपनीला पदरचे घालावे लागत होते. ‘वी’ची किंमत २५० डॉलर होती.

२००८ साली अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने तिन्ही यंत्रे मोजून पाहिली. खेळ चालू असता प्लेस्टेशन ३ सुमारे १५० वॅट घेई, एक्सबॉक्स ३६० सुमारे ११९ वॅट, आणि वी अवघे १६ वॅट. आपल्या घरातील मापाने सांगावयाचे तर पहिल्याची भूक छताच्या दोन जुन्या पंख्यांएवढी, आणि तिसऱ्याची रात्री लावावयाच्या झिरोच्या दिव्याएवढी. तो दिवाही नावाचाच झिरो, घेतो तोही सुमारे १५ वॅट. १५० वॅटचे यंत्र कोणी बंद करावयास विसरून वर्षभर चालू ठेवले तर १,३०० युनिटांहून अधिक वीज जाते. १६ वॅटच्या यंत्राला १४० युनिटे पुरतात. थेंबे थेंबे तळे साचते ते असे. त्या संस्थेच्या अंदाजाने अमेरिकेतील सारी खेळयंत्रे मिळून वर्षाला १,६०० कोटी युनिटे वीज घेत होती. सान दिएगो शहराला वर्षभर लागते जवळजवळ तेवढी. पुढे २०१५ साली निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही युरोपात वीजखर्चावर मर्यादा पाळण्याचा ऐच्छिक करार मान्य केला. एका कारखानदाराची आवड होती ती हळूहळू सर्वांची शिस्त झाली.

वीची १० कोटींहून अधिक यंत्रे खपली; दोन्ही प्रतिस्पर्धी प्रत्येकी साडेआठ कोटींच्या आसपास राहिले. तथापि हा विजयाचा पोवाडा नव्हे, आणि काटकसरीची किंमतही आपण मोजली पाहिजे. घरोघर रेखीव चित्राचे मोठे दूरचित्रवाणी संच येऊ लागले तेव्हा वीचे चित्र त्यांवर फिके दिसू लागले. बाहेरील कंपन्यांचे मोठमोठे खेळ त्या दुबळ्या चिपवर चालेनात, म्हणून त्यांनी पाठ फिरविली. २०१२ साली आलेले ‘वी यू’ हे पुढचे यंत्रही वीज बेतानेच घेई. परंतु त्याचे नेमके प्रयोजन काय हे लोकांना कळलेच नाही आणि ते १ कोटी ३६ लाखांच्या आसपास अडकले. कमी वीज हा गुण खरा. पण त्या गुणाने जे साधावयाचे ते हाती नसेल तर नुसत्या गुणाला कोणी विचारीत नाही. व्हर्च्युअल बॉयचा धडा पुन्हा एकदा गिरवावा लागला.

धडा गिरविल्याचे फळ २०१७ साली दिसले. ‘स्विच’ हे यंत्र घरात दूरचित्रवाणीला जोडता येई, आणि उचलून बाहेरही नेता येई. त्यातील चिप एन्व्हिडिया कंपनीची, आधीपासून बाजारात असलेली, म्हणजे मुरलेली. ती जितकी पळू शके त्याहून तिला मुद्दाम हळू चालविले, आणि यंत्र हातात घेतले असता चित्र काढणारा भाग आणखी हळू. आरंभीच्या यंत्रात बॅटरी अडीच ते साडेसहा तास पुरे. २०१९ साली तीच बॅटरी ठेवून कमी वीज घेणारी चिप घातली, तेव्हा ती साडेचार ते नऊ तास पुरू लागली. या वेळी काटकसरीने काहीतरी जोडून दिले होते. तेच खेळणे घरात आणि घराबाहेर, दोन्हीकडे. या यंत्रांचा खप १५ कोटींपलीकडे गेला.

श्रोतेहो, अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपले वाडवडील सांगत आले. त्या म्हणीचा अर्थ आपण बहुधा गरिबीशी जोडतो; ज्याच्याजवळ नाही त्याने निमूट बसावे, असा. या खेळण्याच्या इतिहासात आम्हांस तिचा दुसरा अर्थ दिसतो. गेम बॉय निघाले तेव्हा रंगीत पडदे मिळत होते. वी निघाले तेव्हा वेगवान चिपा मिळत होत्या. अंथरूण आखूड नव्हते. ते किती उलगडावयाचे हे कोणीतरी विचारपूर्वक ठरविले. आणि ठरविताना नजर होती ती दुकानाच्या काचेकडे नव्हे, तर गाडीत कंटाळलेल्या प्रवाशाकडे, सेल आणावयास निघालेल्या बापाकडे, आणि मध्यरात्री घरघर ऐकून जाग्या झालेल्या आईकडे.

आरंभीची शंका अशी होती की, बिल दुसरा भरतो तर कारखानदाराने वीज का वाचवावी. उत्तर असे की, वापरणाऱ्याच्या पदरचे जे जाते त्याचा हिशेब आज ना उद्या बनविणाऱ्यालाही चुकवावा लागतो. कधी सेलांच्या रूपाने, कधी उष्णतेच्या, कधी कपाटात पडून राहिलेल्या यंत्राच्या रूपाने. आज आपल्या हातातील फोनपासून संगणकांच्या अजस्र कोठारांपर्यंत सर्वत्र अधिक वेग, अधिक बळ, अधिक वीज असा घोष चालू आहे. अशा वेळी चार पेन्सिल-सेल हातात घेऊन ‘एवढ्यात काय काय करता येईल?’ असे विचारणारा क्योतोचा तो खेळणीवाला आठवण्याजोगा आहे.

आरंभी कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर तिचा निकाल आता आपण लावावा. आम्ही आपली रजा घेतो.